प्रयोगशाळा, कारखाना आणि ग्रंथ : आचार्य प्रफुल्लचंद्र राय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील सुशिक्षित वर्गापुढे जे प्रश्न उभे राहिले, त्यांत उपजीविकेचा प्रश्न राजकीय प्रश्नाइतकाच निकडीचा होता. विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला सरकारी कचेरी, न्यायालय आणि शाळा यांपलीकडे चौथी वाट दिसत नव्हती. पुण्यात १८९० साली भरलेल्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या प्रश्नाची आर्थिक बाजू मांडली. देशी उद्योगाला स्वस्त पतपुरवठा व्हावा आणि त्यासाठी शासनाने पुढाकार घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर दोनच वर्षांनी कलकत्त्यात एका रसायनशास्त्राच्या अध्यापकाने भाड्याच्या घरात औषधे तयार करण्यास प्रारंभ केला. शासनाकडून त्याला काही अपेक्षा नव्हती. भांडवल म्हणजे पगारातून उरलेले सातआठशे रुपये. हा अध्यापक म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय. वैज्ञानिक म्हणून त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. परंतु त्यांचा कारखाना, त्यांचा रसायनविद्येचा इतिहास आणि त्यांचे बंगाली निबंध ही एकाच विचाराची तीन रूपे आहेत, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांकडून बहुधा दुर्लक्षित राहिली आहे.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली-काटिपाडा या गावी झाला. हे गाव तेव्हा जेसोर जिल्ह्यात होते. पुढे ते खुलना जिल्ह्यात गेले आणि आज ते बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र राय हे जमीनदार असले तरी जमीनदारीच्या ऐषारामात रमणारे नव्हते. त्यांना फारसी अवगत होती, घरात उत्तम ग्रंथसंग्रह होता आणि सुधारणावादी मतांची त्यांना ओढ होती. मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब १८७० साली कलकत्त्यास आले आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये दाखल झाले. १८७४ मध्ये आमांशाच्या तीव्र विकाराने त्यांची शाळा सुटली. या आजाराने त्यांची प्रकृती जन्मभरासाठी नाजूक करून ठेवली; परंतु घरी काढावी लागलेली ती दोन वर्षे वडिलांच्या ग्रंथसंग्रहात गेली. इतिहास, चरित्रे आणि इंग्रजी वाङ्मय यांचे जे संस्कार या काळात झाले, ते पुढे रसायनशास्त्राच्या व्यासंगातही पुसले गेले नाहीत. स्वकष्टाने वर आलेल्या माणसांच्या चरित्रांची आवड त्यांना याच वयात लागली, आणि उत्तरायुष्यातील त्यांच्या लेखनात अशा चरित्रांचे दाखले पानोपानी येतात.

ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत असतानाच ते प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना जात. तेथील प्रात्यक्षिकांनी त्यांच्या बुद्धीची दिशा ठरविली. १८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले. तेथे अलेक्झांडर क्रम ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले आणि १८८७ साली डी.एस्सी. ही पदवी संपादन केली. विद्यार्थिदशेतच त्यांनी १८५७ च्या उठावापूर्वीच्या आणि नंतरच्या भारतावर एक इंग्रजी निबंध लिहिला. ब्रिटिश राजवटीच्या आर्थिक परिणामांवर त्यात केलेली टीका पाहता, या रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष प्रारंभापासूनच देशाच्या संपत्तीच्या प्रश्नाकडे होते, हे स्पष्ट होते.

१८८८ मध्ये स्वदेशी परतल्यावर सुमारे वर्षभर त्यांना कामच मिळाले नाही. जगदीशचंद्र बसूंच्या स्नेहाचा आधार या काळात त्यांना लाभला. अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. समान पात्रतेच्या युरोपीय अध्यापकांना वरिष्ठ श्रेणी मिळत असे. भारतीयाला ती सहसा नाकारली जाई. प्रफुल्लचंद्रांनी शिक्षणखात्याचे संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांच्याकडे दाद मागितली, तेव्हा आयुष्यात इतरही वाटा असून ही नोकरी पत्करण्याची सक्ती कोणी केलेली नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना ऐकावे लागले. साहेबाने उपहासाने दाखविलेली ही दुसरी वाट प्रफुल्लचंद्रांनी नोकरी न सोडताच धरली. पगारातून वडिलांवरील कर्जाची फेड करावयाची, स्वतःचा खर्च कमीत कमी ठेवावयाचा आणि जे उरेल ते उद्योगात घालावयाचे, असा त्यांचा क्रम राहिला.

अपर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाचे घर ही या उद्योगाची पहिली जागा. पदार्थाच्या निवडीपासूनच अडचणी सुरू झाल्या. लिंबापासून सायट्रिक आम्ल काढण्याचा प्रयोग त्यांनी करून पाहिला, परंतु कच्च्या मालाचा भाव पाहता तो परवडणारा नव्हता. प्रयोगशाळेत यशस्वी होणारी क्रिया बाजारात यशस्वी होतेच असे नाही, हा पहिला धडा त्यांना येथे मिळाला. नंतर त्यांनी जनावरांच्या हाडांपासून फॉस्फेट तयार करण्याचे ठरविले, कारण हाडे खाटिकांकडून जवळजवळ फुकट मिळत. ही हाडे घराच्या गच्चीवर वाळत टाकली गेली. पावसाने ती कुजली, कावळ्यांनी त्यांचे तुकडे शेजारच्या घरांवर नेऊन टाकले आणि सोवळ्याच्या कल्पना बाळगणारे शेजारी संतप्त झाले. हाडांचा ढीग शहराबाहेर माणिकतल्याकडे हलवावा लागला. उच्चवर्णीय कुटुंबात जन्मलेला, विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला सरकारी प्राध्यापक हाडे गोळा करतो, ही गोष्टच तत्कालीन समाजाच्या आकलनाबाहेरची होती.

मालाच्या विक्रीचा प्रश्न याहून बिकट होता. कलकत्त्याचे औषधविक्रेते विलायती छापाच्या बाटल्या निर्धास्तपणे ठेवीत. देशी औषध कितीही शुद्ध असले तरी गिऱ्हाईक मागत नाही तोवर ते घेणार नाही, असे त्यांचे सरळ व्यापारी उत्तर असे. या ठिकाणी प्रफुल्लचंद्रांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बसू यांची मदत निर्णायक ठरली. मागणी विक्रेत्याच्या दुकानात उत्पन्न होत नसून वैद्याच्या चिठ्ठीत उत्पन्न होते, हे त्यांनी ओळखले. राधागोविंद कर, नीलरतन सरकार यांसारख्या प्रतिष्ठित डॉक्टरांनी ही औषधे लिहून देण्यास सुरुवात केली, तेव्हा दुकानांची दारे आपोआप उघडली. ब्रिटिश फार्माकोपियातील प्रमाणित औषधांबरोबरच अडुळसा, कुडा, काडेचिराईत, ओवा अशा देशी वनस्पतींची आधुनिक पद्धतीने केलेली सिद्धौषधे बाजारात आणणे, हे या उद्योगाचे वैशिष्ट्य ठरले. आयुर्वेदाची परंपरा आणि युरोपीय रसायनशास्त्राची शिस्त यांचा मेळ येथे व्याख्यानातून न घालता बाटलीतून घातला गेला.

या उभारणीची किंमतही जबर होती. अमूल्यचरण १८९८ मध्ये प्लेगला बळी पडले. त्यांचे मेहुणे सतीशचंद्र सिंह हे रसायनशास्त्राचे पदवीधर असून नोकरीचा मार्ग सोडून कारखान्यात आले होते. प्रयोगशाळेत चुकून प्रुसिक आम्ल पोटात गेल्याने त्यांचाही अंत झाला. सारा भार पुन्हा एकट्या प्रफुल्लचंद्रांवर आला. दिवसा महाविद्यालयातील अध्यापन व संशोधन आणि उरलेल्या वेळात कारखान्याचे हिशेब, अशी त्यांची दिनचर्या झाली. मर्क्युरस नायट्राइटवरील त्यांचे प्रसिद्ध संशोधन १८९६ सालचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या दुहेरी श्रमांची कल्पना येते. १२ एप्रिल १९०१ रोजी या खाजगी उद्योगाचे रूपांतर बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स या मर्यादित कंपनीत झाले. माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला. गंधकाम्ल स्वतःच तयार केल्याखेरीज रासायनिक उद्योगाला पाया नाही, हे जाणून त्याचीही व्यवस्था तेथे करण्यात आली. पुढे १९२० मध्ये पाणिहाटी येथे आणि १९३८ मध्ये मुंबईत कंपनीच्या शाखा निघाल्या.

कंपनी होत असतानाच प्रफुल्लचंद्रांचा भारतीय रसायनविद्येचा इतिहास तयार होत होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलां बेर्थेलो यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून या कार्याला चालना मिळाली. ग्रंथाचा पहिला खंड १९०२ मध्ये व दुसरा १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. रसार्णव, रसरत्नसमुच्चय इत्यादी संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन त्यांनी प्राचीन भारतीयांच्या रासायनिक ज्ञानाची साधार मांडणी केली. मात्र हा ग्रंथ केवळ गतवैभवाचे गुणगान नाही. एके काळी धातू गाळणारे, भस्मे करणारे, यंत्रे रचणारे हात आणि ग्रंथ लिहिणारी बुद्धी यांचा निकटचा संबंध होता. जातिव्यवस्था कठोर झाली, हस्तव्यवसाय खालच्या मानल्या गेलेल्या जातींकडे गेले आणि विद्वानांचा पदार्थांशी असलेला संबंध तुटला. जगाला मिथ्या ठरविणाऱ्या तत्त्वज्ञानाने या तुटलेपणास प्रतिष्ठा दिली. त्यामुळे भारतातील वैज्ञानिक वृत्ती मावळली, असे त्यांचे निदान होते. या निदानात आज काही भाग अतिव्याप्त वाटेल. तथापि प्रफुल्लचंद्रांच्या औद्योगिक विचाराची गुरुकिल्ली याच प्रकरणात आहे. लहान उद्योग उभा करणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने हात आणि बुद्धी यांची शतकांपूर्वीची फारकत मिटविणे होते.

हाच विचार त्यांनी १९१० च्या सुमारास बंगाली मेंदू आणि त्याचा दुरुपयोग या विषयावरील आपल्या गाजलेल्या निबंधात बंगाली वाचकांपुढे ठेवला. नव्यन्यायाच्या सूक्ष्म वादांत आणि स्मृतींच्या विधिनिषेधांत बंगालची तीक्ष्ण बुद्धी खर्ची पडली, आणि त्याच काळात युरोप निसर्गाला प्रश्न विचारीत होता, ही त्यातील मध्यवर्ती तुलना आहे. पुढील निबंधांत न्यायाची जागा पदवीने घेतली. परीक्षा, कारकुनी आणि वकिली हे नव्या युगाचे कर्मकांड आहे, असे ते बजावू लागले. लोटा-कांबळे घेऊन राजस्थानातून आलेला, अल्प भांडवलावर दुकान मांडणारा मारवाडी व्यापारी ते पदवीधरासमोर उदाहरण म्हणून उभा करीत. त्यांची शैली अलंकारिक नाही. ती अध्यापकाची शैली आहे: दाखला, आकडा, तुलना आणि पुन्हा दाखला. बंकिमचंद्र आणि रवींद्रनाथ यांच्या गद्याने घडलेल्या वाचकाला ती रूक्ष वाटली असेल; परंतु अन्नाचा प्रश्न हा बंगाली निबंधाचा विषय करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मराठीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या मासिकातून कारखाना आणि वाङ्मय यांचा असाच संयोग घडला, ही गोष्ट तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने देशी मालाला एकाएकी बाजारपेठ मिळवून दिली. साबण, आगकाड्या, कापड, चिनी मातीची भांडी यांचे कारखाने बंगालभर निघाले आणि त्यांतील पुष्कळसे थोड्याच वर्षांत बंद पडले. बंगाल केमिकल टिकली, याचे कारण ती या लाटेच्या आधीची होती. तिच्यामागे तेरा वर्षांचा अनुभव, प्रशिक्षित रसायनज्ञ आणि तावूनसुलाखून घेतलेल्या क्रिया होत्या. भावनेने पहिली बाटली खपते, दुसरी गुणवत्तेने खपते, हे प्रफुल्लचंद्रांना प्रत्यक्ष व्यवहारातून कळले होते. पहिल्या महायुद्धात परदेशी रसायनांची आयात आटली, तेव्हा या कारखान्याच्या क्षमतेचे महत्त्व शासनालाही पटले. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले, त्याचे अध्यक्षपद प्रफुल्लचंद्रांकडे होते.

कंपनीत त्यांनी आणलेल्या माणसांपैकी दोघांची चरित्रे विशेष बोलकी आहेत. राजशेखर बसू १९०३ मध्ये रसायनज्ञ म्हणून आले आणि पुढे सुमारे तीन दशके कंपनीचा कारभार त्यांनी दक्षतेने सांभाळला. हेच राजशेखर ‘परशुराम’ या टोपणनावाने बंगालीतील श्रेष्ठ विनोदी कथाकार ठरले. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘श्री श्री सिद्धेश्वरी लिमिटेड’ या कथेत देवीच्या नावाने भागभांडवल गोळा करणाऱ्या लबाडांचे चित्र आहे. गुरूने ज्या मर्यादित कंपनीत राष्ट्राच्या उद्धाराची आशा पाहिली, तिचेच विडंबन शिष्याने कारखान्याच्या कचेरीत बसून केले. राजशेखरांच्या कथासंग्रहाचा रवींद्रनाथांनी गौरव केला, तेव्हा अशा स्तुतीने आपला रसायनज्ञ हातचा जाईल, अशी लटकी तक्रार प्रफुल्लचंद्रांनी केली होती. तो गेला नाही. त्याने ‘चलंतिका’ हा कोश रचला आणि कलकत्ता विद्यापीठाच्या शुद्धलेखन समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. दुसरे सतीशचंद्र दासगुप्त. कारखान्यातील जबाबदारीचे पद सोडून ते गांधीजींच्या कार्याला मिळाले आणि सोदपूर येथे त्यांनी खादी प्रतिष्ठान उभारले. एक शिष्य विनोदी कथेकडे गेला, दुसरा चरख्याकडे. आणि दोघांनाही गुरूचा आशीर्वाद होता.

गांधीजींशी प्रफुल्लचंद्रांची भेट गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे झाली. १९०१-०२ च्या हिवाळ्यात गांधीजी कलकत्त्यात गोखल्यांकडे राहिले होते आणि प्रफुल्लचंद्रांचे त्या घरी नेहमी जाणेयेणे असे. आठशे रुपये पगारातील चाळीस रुपये स्वतःसाठी ठेवून उरलेले लोककार्याला देणारा गृहस्थ, अशी त्यांची ओळख गोखल्यांनी करून दिली. १९ जानेवारी १९०२ रोजी आल्बर्ट हॉलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर गांधीजींची सभा भरविण्यात प्रफुल्लचंद्रांचा पुढाकार होता. पुढे चरख्याविषयी मात्र त्यांना प्रथम शंका होती. यंत्रोद्योगाचा पुरस्कर्ता सूतकताईकडे सहजी वळणे शक्यही नव्हते. १९२१ चा खुलन्याचा दुष्काळ आणि १९२२ चा उत्तर बंगालमधील महापूर यांच्या मदतकार्यात हिंडताना त्यांनी वर्षाचे कित्येक महिने रिकामे बसणारे शेतकरी पाहिले आणि त्यांचे मत बदलले. पदवीधराला कारखाना आणि शेतकऱ्याला जोडधंदा, असे हे दुपदरी अर्थकारण होते. टीकाकारांना त्यात विसंगती दिसली. प्रफुल्लचंद्रांना ती एकाच बेकारीवरील दोन औषधे वाटत होती.

खरी विसंगती अन्यत्र होती आणि ती अधिक खोल होती. तरुणांनी व्यापार करावा, नफा मिळवावा, संपत्ती वाढवावी, असे सांगणारा हा पुरुष स्वतः आजन्म अविवाहित, अपरिग्रही राहिला. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपला पुढील सर्व पगार रसायनशास्त्र विभागास देऊन टाकला आणि महाविद्यालयातील एका खोलीत राहू लागले. मळके कपडे, साधे जेवण आणि भोवती विद्यार्थ्यांचा मेळा, हे त्यांचे चित्र सर्वपरिचित आहे. त्यांच्या त्यागामुळे त्यांच्या शब्दाला वजन आले, हे खरे. परंतु ज्या समाजात संन्याशाच्या मुखातून आल्याखेरीज व्यापाराचा उपदेशही ग्राह्य ठरत नाही, तो समाज व्यापाराला मनापासून प्रतिष्ठा देत नाही, हेही तितकेच खरे. तरुण पिढीने आचार्यांची पूजा केली आणि अर्ज मात्र कचेरीतच केले.

१९३२ व १९३५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्रात या अपयशाची वेदना जागोजागी उमटली आहे. १९३७ मध्ये त्याचा बंगाली अवतार ‘आत्मचरित’ या नावाने निघाला. या ग्रंथाचा मोठा भाग व्यक्तिगत नाहीच. तो बंगालच्या आर्थिक ऱ्हासाची मीमांसा आहे. या मीमांसेची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वजनांच्या स्वभावदोषावर त्यांनी फार मोठा भार टाकला. अमियकुमार बागची यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, पूर्व भारतात युरोपीय व्यवस्थापन संस्थांची ताग, चहा, कोळसा आणि बँका यांवर जी पकड होती, ती देशी उद्योजकाची वाट अडविण्यास पुरेशी होती. पश्चिम भारतात ही पकड तुलनेने सैल होती. बंगाली तरुण केवळ आळसाने कारकून झाला नव्हता. त्याच्यासमोरील बाजारच अरुंद होता. रानड्यांनी मागितलेला पतपुरवठा आणि प्रफुल्लचंद्रांनी मागितलेले मनोधैर्य यांपैकी एकाने काम भागणारे नव्हते. शासनाच्या आधाराविना निघालेला उद्योग टिकू शकतो, हे बंगाल केमिकलने सिद्ध केले. असे हजार उद्योग निघू शकतात, हे तिला सिद्ध करता आले नाही.

१६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजातील त्याच खोलीत प्रफुल्लचंद्रांनी देह ठेवला. आदल्याच वर्षीच्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती. स्वातंत्र्यानंतर कंपनीला उतरती कळा लागली. १९७७ मध्ये केंद्र सरकारने तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १९८० मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारी नोकरीला पर्याय म्हणून निघालेला उद्योग अखेरीस सरकारी झाला. मात्र त्यांच्या कार्याचे मोजमाप एवढ्यावरून करता येणार नाही. मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर यांच्यासारखे विद्यार्थी, औषधनिर्मितीची देशात रुजलेली परंपरा आणि पदार्थाला हात लावणाऱ्या विद्येला मान देणारे बंगाली गद्य, हा त्यांचा वारसा आहे. गच्चीवर वाळत घातलेली हाडे आणि रसार्णवाची पोथी या दोन्ही वस्तू त्यांनी एकाच आदराने हाताळल्या. त्यांचा निबंध वाचणाऱ्याने त्यांचा कारखाना वगळला, किंवा कारखान्याचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांचे ग्रंथ बाजूला ठेवले, तर दोघांच्याही हाती अर्धेच प्रफुल्लचंद्र लागतील.